सगुणाबाईंची कोरी वही

लोणावळा, मंगळवार, १९ नोव्हेंबर १९६८

घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या आमच्या संस्थेतल्या बायकांपैकी सगुणाबाईंना ठेवायचे की काढायचे, हे आज मला ठरवायचे होते. तक्रार एकच: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलल्याची वेळ त्या वहीत लिहीत नाहीत.

त्यांचा रुग्ण असलेल्या कुरवंडे गावी गेले. अर्धांगवायूने पडलेल्या आबांची पाठ आधी पाहिली. चार महिने अंथरुणात, आणि पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा एक लाल ठिपका नाही.

"वेळ कशी कळते?" मी सगुणाबाईंना विचारले.

"घाटात आगगाडी वाजली का वळवते. हितं घड्याळ कुनाकडं हाय?"

"लागोपाठ दोन गाड्या आल्या तर?"

उत्तर आबांनीच दिले. "तर दोनदा वळवती. लय छळती बाई."

मी हसले नाही. पाठ पुन्हा पाहिली, मग टाचा आणि माकडहाड. कातडी कोरडी, स्वच्छ.

सगुणाबाईंना ठेवले. त्यात शंका नाही. पण वही भरलेली असती, तर मी पाठ इतकी बारकाईने पाहिली असती? मागच्या आठवड्यात भाजे गावातल्या आजींची नाही पाहिली. तिथली वही सुबक होती, म्हणून बसल्या जागी 'उत्तम' असा शेरा दिला.

उद्या सकाळी भाज्याला जायचे. त्या आजींना कुशीवर वळवून स्वतः पाहायचे.