माझ्या चपला राजूरला जाऊन आल्या

मंगळवार, अंगारकी. दिवेलागण.

पोटात जुळं, म्हणून डॉक्टरनं पलंगावरून उठूच नको म्हणलंय. एरवी प्रत्येक अंगारकीला मी पायी राजूरच्या गणपतीला जाते. आज पहाटेपासून रस्त्यानं जाणाऱ्यांचा गलबला ऐकून नुसती तळमळले. मंग सासूबाईंनी माझ्याच चपला पायात सरकवल्या. "तू न्हाई तं तुह्या चपला तरी जाऊन येतील."

त्यांना त्या बिलकुल होत न्हाईत. मी का न्हाई अडवलं?

आत्ता लंगडत आल्या. टाचेला हा मोठा फोड. चपला धुवायला निघाल्या, तर मी म्हणलं, "राहू द्या, इथंच ठेवा." पडल्यापडल्या हात खाली घालून चाचपल्या. कितीक दिवसांनी बोटांना वाटंची माती लागली.

तीच पोटाला लावली. डावीकडं एकदा, उजवीकडं एकदा.