कडू काढ्यावरचा गोड घोट

अहो,

आपल्या लेकीला, लारासला पहाटे बाळंतकळा सुरू झाल्या, म्हणून मी तिच्याकडे सोलो शहरी निघाले. जामूच्या, जडीबुटीच्या काढ्यांची माझी विकायची टोपली आज घरीच राहू दे. तुमचा किराइताचा कडू काढा झाकून ठेवलाय, शेजारी हळद-चिंचेचं पाणी आहे. वरचा गोड घोट ठेवलेला नाही. गूळ शोधू नका.

साऱ्या गल्लीला मी कडूवर गोड पाजते, तुम्हाला तर दोन घोट. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चरबीनं यांचं शरीर आतून गंजतंय. तुमची हळद गंज उतरवू पाहते नि तुमचाच गूळ तो चढवतो." तुम्ही हसलात, "मग कडू तोंडानं मरू का?" मला हसू आलं नाही.

बाळाला आजोबांची मांडी हवी, भिंतीवरचा फोटो नको.

पेल्यातला अर्धा काढा मी प्यायलेय, गोडावाचून. उरलेला तुमचा.

— सुमिनी