आसे-काए नसल्याचा खुलासा येईपर्यंत

मी, कानिसिउस जेहामान, वय तेवीस, राहणार गोलो रुतूक, फ्लोरेस बेट, परमुलखातल्या मासेमारी बोटीवर कामाला जात आहे. त्या बोटींवरून सगळेच परत येत नाहीत, म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. कुणी भरीस घातलेलं नाही आणि ताडीही प्यायलेलो नाही.

१. मोटारसायकल धाकटा भाऊ रोमानुस याला. ब्रेक धरत नाहीत. शेजारच्या वाए मांताक गावाच्या उतारावर पाय टेकवावा.

२. कुपांगच्या कॉलेजातली पुस्तकं शाळेला. पुरातत्त्व शिकत होतो, अर्ध्यात सोडलं, कारण तिथून वाए मांताक फार लांब पडायचं. वाए मांताक म्हणजे एर्मेलिंदा. शब्दकोश मात्र गास्पार गुरुजींना द्यावा. कारण पुढे येईल.

३. प्राचीन मानवसमूहांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्वत्संघटनेची मंडळी गेल्या वर्षी गावात आली. आमच्या गुहेतल्या हाडांवरचा निबंध त्यांच्या परिषदेत वाचून झाला होता, नियतकालिकात छापून झाला होता; आता ज्यांच्या डोंगरातली हाडं, त्यांनाही सांगायचं होतं. त्यांच्यातल्या एका बाईंनी पडद्यावर नकाशे दाखवले. म्हणाल्या, या साऱ्या खोऱ्यातली माणसं हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच समूहातून आली. गुरुजींनी ते आमच्या भाषेत सांगितलं, "आपली दोन्ही गावं आसे-काए आहेत."

आसे-काए म्हणजे एका कुळातले थोरले-धाकटे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही.

माझी आई वाए मांताकची. एर्मेलिंदाचे वडील निकोलाउस तिचे नात्यातले भाऊ. बोलायला लागल्यापासून मी त्यांना आमांग, म्हणजे मामा, म्हणतो. आणि मामाची मुलगी करायची ही आमची रीतच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉफी पुढे ठेवली आणि म्हणाले, "आता मला आमांग म्हणू नकोस बाबा."

"मग माझ्या आईच्या लग्नाचं काय, आमांग?"

"तेव्हा माहीत नव्हतं ना."

"अहो, असं धरलं तर अख्ख्या खोऱ्यात कुणी कुणाशी लग्नच करायला नको."

"एवढी शिकलेली माणसं विमानाने येऊन खोटं सांगतील? आणि तू तर कॉलेजही पुरं केलं नाहीस."

मी कप आपटून फोडला. त्याच्या बदली आमच्याकडचा निळा कप त्यांना पोचवावा.

४. संघटनेला पत्रं लिहून एका ओळीचा खुलासा मागितला. उत्तर फार सभ्य आलं: निष्कर्ष बरोबर आहेत, शंका सभासदांनी वार्षिक सभेत मांडाव्यात. सभासद व्हायला पदवी लागते. गुरुजी म्हणाले, "शब्द जरा इकडचा तिकडे झाला, एवढं काय त्यात?" म्हणून शब्दकोश. भांडायला कुणीच हाती लागत नाही. बाई तर खरंच बोलल्या होत्या.

५. लग्नासाठी विणून घेतलेलं काळं सोंगके वस्त्र एर्मेलिंदाला. कॉफीचा हंगाम आटोपला की तिला एंदे शहरात देणार आहेत. तरी तिने ते घ्यावं. मागे तिने निरोप धाडला होता, "आता तुला दादा म्हणू का?" ती हसत होती की रडत, हे निरोप्याला सांगता आलं नाही. एंदेच्या माणसाबद्दल काही लिहीत नाही. लिहिलं तर हा कागद वाया जाईल.

६. माझं प्रेत हाती आलं तर त्याच गुहेजवळ पुरावं. हाडं पुरेशी जुनी झाली की संघटनेने खुशाल उकरावीत, तपासावीत. अट एकच. मी एर्मेलिंदाचा भाऊ नव्हतो, हे आधी वाए मांताकला सांगावं, परिषदेला नंतर. आणि सांगताना दुभाषा बदलावा.

७. साक्षीला आमांगना बोलावलं आहे. लगेच हो म्हणाले, वाटेत खायला केळी आणतो म्हणाले. त्यांचा राग करता येत नाही, हीच पंचाईत. साक्षीदाराचं नातं लिहायची जागा मी कोरी ठेवली आहे. ती त्यांनी स्वतः भरावी, एवढीच इच्छा.

वरचं सगळं माझ्याच अक्षरात आहे. खाडाखोडही माझीच.

गोलो रुतूक, १४ ऑगस्ट २०२३
(सही) कानिसिउस जेहामान

साक्षीदार:
१. गास्पार न्गाबुत, शिक्षक. नाते: शेजारी. (सही)
२. निकोलाउस जेहादुन, राहणार वाए मांताक. नाते: चुलता. (सही)