संपत नावाच्या शास्त्रज्ञाचा राजीनामा आणि माझी मालमत्ता

मी, निर्मला संपत औटी, वय एकोणसाठ, व्यवसाय कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणे, राहणार वारूळवाडी, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. मरायची घाई नाही. पण गेल्या आठवड्यात मासिकाचे शुद्धिपत्र आले आणि माझे नाव मला परत मिळाले. ते अडकले होते तोवर कशावर सही करायची इच्छाच होत नव्हती. आता मोकळे वाटते.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा मुलगी श्रेया हिला द्यावा. तिच्या वडिलांचा हिस्सा त्यांचाच आहे, आणि स्वयंपाकघरही. माझ्या अभ्यासाच्या दिवसांत भाकऱ्या त्यांनीच थापल्या.

२. मायक्रोस्कोपही श्रेयाला. त्याखाली मी भीमाशंकरच्या झाडांवरचे दगडफूल पाहिले. मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद, पण कोणी न नोंदवलेले. त्यावर एका शास्त्रीय मासिकासाठी निबंध लिहिला. मॅडमचा पेपर येणार म्हटल्यावर शेजारच्या कुशाबाईंनी रोज वर्तमानपत्र विकत घेतले. "आज बी न्हाई आलं, मॅडम," असे त्या कुंपणावरून सांगत.

३. आमच्या प्राचार्यांना काही देऊ नये. निबंधासोबतच्या पत्रावर सही हवी तर पहिले नाव त्यांचे घाला म्हणाले. मी घरच्या पत्त्यावरून पाठवला. माझी बढती राहिली ती राहिलीच. त्यांना नाव हवे होते, तेही मिळणार नाही.

४. मासिकाच्या दुसऱ्या परीक्षकांना, ज्यांचे नाव मला कधी कळले नाही, माझ्या सुकवलेल्या नमुन्यांचा एक संच संपादकांमार्फत पाठवावा. पहिल्या परीक्षकांनी दोन ओळींत पसंती दिली. ह्यांनी पानभर हरकती काढल्या आणि आणखी एका हंगामाचे नमुने आणा म्हणाले. मी त्यांना लई शिव्या दिल्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, राजदूत मोटरसायकल काढली आणि आम्ही पुन्हा जंगल तुडवले. तेव्हा कळले की मी जिला एक जात म्हणत होते त्या दोन होत्या. चूक छापली जाता जाता वाचली. शिव्या परत घेतल्याचे सोबत लिहावे.

५. नावाचा खुलासा. रेशनकार्डापासून परीक्षेपर्यंत आपण आडनाव आधी लिहितो, मग स्वतःचे, मग नवऱ्याचे. मीही लिहिले: औटी निर्मला संपत. मासिकाने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि छापले, "संपत, ए. एन." मग दुसऱ्यांच्या निबंधांतही येऊ लागले, "संपत यांनी दाखवून दिले आहे." मी रडले. आयुष्यात एकच काम स्वतःचे म्हणावे असे केले, तेही नवऱ्याच्या खात्यात गेले. नारायणगावच्या बाजारात लोक ह्यांना विचारायचे, "काय शास्त्रज्ञ, टोमॅटोला काय भाव निघंल?"

संपादकांना लिहिले. उत्तर आले, दुरुस्तीसाठी डॉक्टर संपत यांची संमती लागेल. तेव्हा हे एसटीडी बूथवर गेले. मी काचेबाहेर उभी होते, पण सगळे ऐकू येत होते. "साहब, मैं संपत बोलता. वो पेपर मेरे मिसेस का है. मैं फक्त गाडी चलाया." बाहेर येऊन म्हणाले, "झालं बघ. राजीनामा दिला."

६. पोस्टातली शिल्लक संपतरावांना द्यायची माझी फार इच्छा होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. हे लगेच म्हणाले, "मग मला काय बी देऊ नको. एकदा तरी माझं नाव त्याच्या जागंवर येऊ दे." मी पुष्कळ समजावले, ऐकले नाही. म्हणून शिल्लकही श्रेयाला. तिने वडिलांना बघावे, हे लिहायची गरज नाही, तरी लिहिले.

वरील मजकूर मीच लिहिला, पुन्हा वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

वारूळवाडी, १८ नोव्हेंबर २००४

(सही) निर्मला औटी

साक्षीदार:
१. (सही) कुशाबाई गेणू पाटे, शेजारी
२. (सही) संपत कुंडलिक औटी. म्या बघितलं. लिवलं हिनंच.