तारेच्या पोटातला ऐवज

तीर्थस्वरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार (हल्ली कंबर धरते, तेव्हा निम्मा प्रत्यक्ष आणि उरलेला कागदावर). तुझे गुडघे काय म्हणतात? मुलाच्या नव्या घरात जिना नाही हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल आहेत. माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे, तिची हकिगत सांगतो.

तू आतोबांची ती तारादेवीची पितळी मूर्ती माझ्याकडे पाठवलीस आणि लिहिलंस, की नव्या घरात जागा नाही, ते गेल्यापासून हिच्याकडे बघवतही नाही, तेव्हा पारखून विकून टाक. हिमालयातल्या मूर्ती पारखणं हाच माझा धंदा, आणि घरच्या कुणाला त्याचा उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ (बाबांच्या मते शेवटचीही). सारं जग मूर्तीचा चेहरा बघतं. आम्ही तिला उलटी करून बूड बघतो. अशा मूर्तीच्या पोकळ पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, कधी एखाद्या सत्पुरुषाचा दात ठेवतात आणि खालून तांब्याचा पत्रा ठोकून ती बंद करतात. पत्रा शाबूत, तर मूर्तीला मान. या सवयीपायी मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा कपाचं बूड बघायला गेलो होतो. चहा अजून कपातच होता.

तर तुझ्या तारेचा पत्रा शाबूत, आणि हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. मला जेवण जाईना. पत्र्यावरच्या रेघांत मला दुहेरी वज्र (अशा जुन्या पत्र्यांवर कोरतात ते पवित्र चिन्ह) दिसलं, मी पत्रा पाचशे वर्षांपूर्वीचा ठरवून टाकला आणि आमच्या संग्रहालयाच्या संचालिकाबाईंसकट सगळ्या विभागाला क्ष-किरणांच्या खोलीत गोळा केलं. (विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, म्हणून कोटही घातला.) पडद्यावर चित्र उमटलं. दात! ओळीनं लावलेले, एकजात सुबक. मग माझ्या जिभेला लगाम राहिला नाही. हे कुणा थोर लामाचे दात, असं मी सांगितलं. झीज बघता त्यांचा आहार साधा असावा, असंही सांगितलं. तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं, पण मी हात जोडले, आणि माझं बघून आणखी दोघांनी जोडले. संचालिकाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "याला तार आहे. आमच्या सासूबाईंची कवळी अशीच पेल्यात असते."

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. मी पडद्याजवळ गेलो आणि पुढचा तो किंचित तिरका दात मला ओळखू आला. आत्या, ती आतोबांची कवळी. तू हट्टानं करवून घेतलेली, त्यांना कधीच न रुचलेली, आणि 'हरवली' म्हणून जिच्यासाठी तू गाद्या, फडताळं आणि माझे खिसेसुद्धा उलटे केले होतेस, तीच. पत्रा तुझ्या हंड्याच्या झाकणाचा, आणि दुहेरी वज्र म्हणजे तुझ्या घासणीचे ओरखडे. त्यांनी मूर्ती घेतली तेव्हा ती खालून उघडीच होती, हे मला तेव्हा कुठे आठवलं. शाबूत पत्रा कुणी शहाणा माणूस उघडत नाही, हे मीच त्यांना एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. माझ्या धंद्यातलं त्यांनी तेवढंच मन लावून ऐकलं.

तुझा भाचा,
(विभागप्रमुख होता होता राहिलेला)

ता. क. मूर्ती मात्र खरी आणि जुनी आहे. पत्रा काढून आतलं रिकामं केलं तर लगेच गिऱ्हाईक मिळेल, असं संचालिकाबाई म्हणतात. त्यासाठी मालकिणीची परवानगी लागते. तो कागद सोबत जोडला आहे. फक्त सही कर.

पुन्हा ता. क. सही करू नकोस. कागद फाडून टाक. पडद्यावर तो दात बघितल्यापासून मला आतोबांची फार आठवण येते आहे, आणि हे पत्र मी खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला घेतलं. तारा मी परत पाठवतो आहे. तिच्यात ते आहेत. थोडेसेच, पण आहेत. तुझं त्यांच्याशी एक भांडण राहून गेलंय. तिला समोर ठेव आणि नीट भांड. या वेळी ते मध्येच उठून बागेत जाणार नाहीत.