भिंतीवरचा डावा दरवाजा

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे बरे आहेत. मागच्या रविवारीच आपण फोनवर तासभर बोललो आणि आता हे एवढं जाडजूड पाकीट, म्हणजे तू आधी शेवटचं पान उघडून बघणार, हे मला माहीत आहे. तसं करू नकोस. आयुष्यभर टपाल खात्यात दुसऱ्यांची पत्रं पोचवलीस, आता स्वतःला आलेलं एक पहिल्या ओळीपासून वाच. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती फोनवर सांगता येत नाही. तीनदा ठरवून फोन केला. तिन्ही वेळा वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला.

ती गाडी परत आली आहे. दातांच्या डॉक्टरांची, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली बुटकी गाडी. डॉक्टर गेले, पण त्यांच्या लेकीने ती विकली नाही. इतकी वर्षं कुठल्याशा गळक्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आता इंजिनाचं काम झालंय, रंग झालाय, तोच पूर्वीचा राखाडी निळा, आणि आतलं सगळं काम माझ्याकडे आलंय. ट्रकवरून उतरवली तेव्हा तिला ना सीट होत्या ना काचा, तरी मी लांबूनच ओळखली. माझ्याकडची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, ताई, तुमचे डोळे का भरले? मी म्हटलं, गोंदाचा वास चढला. गोंदाचा डबा अजून उघडलाही नव्हता.

बाबांचं दुकान तसंच आहे, तू पाहिलंस तसं. पत्र्याच्या झरोक्यांतून दुपारी उन्हाच्या पट्ट्या खाली येतात आणि त्यात चामड्याची बारीक धूळ इतकी सावकाश फिरते की बघता बघता चहा गार होतो. परवा बाई जेवायला गेली होती. मी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या त्या गाडीत आत जाऊन बसले. बसले कसली, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गाडीत शिरणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबणं. पण एकदा बसले आणि रस्ता सुरू झाला, दादा. तू सुरू करायचास तोच. आठवतं? चाकं काढलेली, सीट नाही, आपण दोघं दोन रिकाम्या डब्यांवर. तू स्टिअरिंगवर हात ठेवून सांगायचास की आता डावीकडे तळं येईल, आता झाडं मागे पडली, आता समुद्राचा वास येतोय बघ. आणि मला यायचा. दार नसलेल्या बाजूने वारासुद्धा लागायचा. बाबा बाहेरून ओरडायचे की साहेब कुठवर पोचले, आणि तू अगदी गंभीरपणे गावाचं नाव सांगायचास, जे कुठल्याच नकाशात नव्हतं. मी परवा डोळे मिटले तर तळं जागच्या जागी होतं. किती वेळ गेला कळलं नाही. बाईने येऊन हाताला धरून बाहेर ओढलं.

आता कामाचं सांगते. दारांच्या आतली पॅनेलं उतरवायला घेतली. काच वरखाली करायची हँडलं काढली, कडेच्या क्लिपा सोडवल्या, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट उचलावं तसं उजवं पॅनेल माझ्या हातात तुकड्यातुकड्यांनी आलं. डावंही तसंच. ओल पिऊन बोर्ड फुगला होता, चामडं आकसलं होतं, कडेचा एकही बाक खरा राहिला नव्हता. अशा गाडीची पॅनेलं बाजारात मिळत नाहीत आणि नुसत्या अंदाजाने कापली तर दार मिटत नाही. फर्मा हवा, कापायचा साचा. बाबांचा पुठ्ठ्याचा फर्मा, डाव्यासाठी सुलटा आणि उजव्यासाठी उलटून ठेवायचा तो, केव्हाच वाळवीने खाल्ला. डॉक्टरांची लेक माझ्या तोंडाकडे बघत उभी, आणि मी भिंतीकडे.

कारण भिंतीवर ते पॅनेल होतं. तू दुकान सोडल्यापासून एक्केचाळीस वर्षं शिवणयंत्राच्या वर, चार स्क्रूंनी ठोकलेलं, कोरडं ठणठणीत. उजव्या दारासाठी म्हणून बनवलेलं आणि निघालं डावंच. दुकानात कामाला लागलेल्या प्रत्येकाला बाबा पहिल्या दिवशी ते दाखवायचे. म्हणायचे, फर्मा न उलटता आखलं की काय होतं ते बघून ठेवा. सगळे त्याला दादाचा दरवाजा म्हणतात. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही तेही म्हणतात. आणि मी, जिच्या डोक्यावर ते रोज होतं, मी तोंडात मिठाची गुळणी धरून खाली टिपा मारत बसले.

तो दिवस तुला जसा आठवतो तसा तू कितीदा हसत हसत सांगितलास. बाबांनी पहिल्यांदा अख्खं काम तुझ्यावर सोपवलं होतं. डावं पॅनेल तू सुरेख केलंस, ते दारावर बसलंसुद्धा. उजवं केलंस, चामडं शिवून, ताणून, चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवलंस, आणि सकाळी दाराला लावायला गेलास तर पॅनेलवरचा खिसा उलट्या बाजूला झुकलेला आणि क्लिपांचं एकही भोक जुळेना. परदेशी चामडं, दुसरा तुकडा मिळायला दोन महिने. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, तुझं मन इथं नाही, मग हात तरी कसे असतील. तू म्हणालास, खरं आहे, माझंच लक्ष नव्हतं. महिन्याभरात तू टपाल खात्यात लागलास.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझं लक्ष होतं, दादा. त्या दुपारी तू फर्मा बरोबर उलटून ठेवला होतास, लिहिलेली बाजू खाली, वर दोन लोखंडी वजनं. मग तू बाबांबरोबर दोऱ्याचा रंग जुळवायला बाहेर गेलास. मी चामड्यावरून हात फिरवला तर फर्म्याच्या कडेपाशी एक जुना ओरखडा लागला. मला वाटलं, तो पॅनेलवर येईल. मी वजनं काढली, फर्मा उचलला, खडूची धूळ पुसली आणि दोन बोटं खाली सरकवून परत ठेवला. अक्षरं वर. बाबांच्या हातचं ते ठळक "डावा" मला सुलटं वाचता आलं आणि सगळं नीट आहे असं वाटलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तुझा वेळ वाचावा म्हणून चामड्यावर मीच आखलं, बोर्डावरही आखलं, क्लिपांच्या भोकांच्या खुणाही केल्या. सतरा वर्षांची होते. बाबांनी त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा कामाच्या टेबलाजवळ उभं राहू दिलं होतं आणि मला सगळ्यांना दाखवायचं होतं. तू परत आलास, रेषा बघितल्यास आणि म्हणालास, अरे, हे मी जायच्या आधीच आखलं होतं होय? मी गंमत म्हणून हो म्हटलं. काम झाल्यावर सांगणार होते. सकाळी ती गंमत राहिली नव्हती. बाबांनी मला पुन्हा बटणं लावायला मागे बसवलं असतं, या भीतीने मी ब्र काढला नाही. आणि मग दिवस गेले, आणि मग वर्षं. खोटं बोलायला एकच शब्द लागला होता. तो परत घ्यायला मला हे सगळं लिहावं लागतंय.

परवा मी ते पॅनेल उतरवलं. स्क्रू इतके गंजले होते की एकेकाला तेल पाजावं लागलं. टेबलावर पालथं घातलं आणि पाठ बघितली. तुला आपल्या खुणा आठवतात ना? तू टिंब द्यायचास, मी फुली मारायची. टिंबावर भोक पाडलं की टिंब जातं. फुलीवर पाडलं तर भोकाभोवती पेन्सिलीच्या चार काड्या उरतात. एकेका भोकाभोवती चार काड्या, दादा. चौदा भोकं मोजली. मग माझ्या लक्षात आलं की दुकानातली प्रत्येक वस्तू बाबांनी खुंटीवर टांगली होती, हवी तेव्हा काढता यावी म्हणून. हे एकच चारी कोपऱ्यांत स्क्रूने आवळलेलं, तोंड बाहेर, पाठ भिंतीला. त्यांनी पाठ पाहिल्याशिवाय ठोकलं असेल? बाबांनी? जे टाक्यावरून ओळखायचे की शिवणारा त्या दिवशी भांडून आलाय? त्यांना ठाऊक होतं. मला वाचवलं की रोज शिक्षा दिली, कोण जाणे. ते असते तर मी विचारलं असतं आणि त्यांनी चष्मा पुसत दोऱ्याची रिळं मोजली असती. त्यांचा राग आला आणि तेवढीच आठवणही आली. पण गप्प राहण्याचं पाप त्यांच्या नावावर ढकलणार नाही. ते माझं आहे.

हे सगळं मी पोटातच ठेवून मेले असते, खोटं कशाला बोलू. पण उन्हाळ्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझी नात कागदाचं घर घेऊन आली. छप्पर चिकटवून द्या म्हणाली. तू हात मागे घेतलेस आणि म्हणालास, आत्याआजीकडे दे गं, आजोबा उलटं बसवतील. सगळे हसले. वहिनीही हसली, कारण तुमच्या घरात खिळासुद्धा तीच ठोकते. मी छप्पर चिकटवलं. एका फर्म्यापायी तुझ्या हातांवरचा तुझा विश्वास मी काढून घेतला आणि त्याच हातांचं काम मी आयुष्यभर केलं.

डावं पॅनेल तयार आहे. भिंतीवरच्या त्या पॅनेलवरून नवा फर्मा काढला, बाक केसभरही हलला नाही, दार मिटताना पूर्वीसारखाच मऊ आवाज करतं. डॉक्टरांची लेक उजवं कधी, म्हणून विचारते. मी तिला सांगितलंय की ते करणारा कारागीर बाहेरगावाहून यायचा आहे. दादा, तो तू आहेस. महिनाभर मी थांबेन, त्याहून जास्तही थांबेन. चिडलास तर चिडून ये, बोलला नाहीस तरी चालेल, येताना नातीला आण, तिला गाडीत बसवून तळं दाखवू. चामडं टेबलावर पसरलंय, वर फर्मा ठेवलाय, लिहिलेली बाजू खाली, दोन्ही वजनं वर. त्याला कुणी हात लावायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलंय, आणि स्वतःलाही.

तुझीच,
टाचणी