चष्म्यातला करंट

३ नोव्हें., सोम.
दवाखान्यातून आलो. यांना जाड चष्मा दिलाय, त्याला वायर न् डबी. डोळ्यांखाली ओल्या पट्ट्या चिकटवायच्या, रोज अर्धा तास बारीक करंट. बाजूचं यांना काही दिसत नाही, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं. तेही आटत चाललंय. ते थांबेल म्हणे. पण डॉ. म्हणतात, ही अजून चाचणी आहे, काहींच्या चष्म्यात करंट नसतोच. कुणाचा रिकामा ते त्यांनाही माहीत नाही. म्हटलं, मग माहीत कुणाला? हसले. यात हसण्यासारखं काय?

६ नोव्हें.
हे खूश. "चमकतंय गं, कडेकडेने." पिंकी उड्या मारायला लागली, "सच्ची, पापा?" लेक इकडेच हिंदीत वाढली; मराठी कळतं, बोलायला नको.
चहाचा कप आजही कोपराने सांडला.

११ नोव्हें., मंगळ.
आता तेलीबागेच्या बाजारात सब्जी आणायला एकटे जाणार! मागच्या साली तिथेच ई-रिक्षाने पाडलं होतं. नको म्हटलं तर, "तू मला आंधळाच धरून चाललीस."

१२ नोव्हें.
हे अंघोळीला गेले तेवढ्यात चष्मा मी लावला. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. बाकी काही नाही. चमक नाही, मुंग्या नाहीत. रिकामाच दिलाय मेल्यांनी. पट्ट्या ओल्या केल्या होत्या का मी... आठवेना.

१४ नोव्हें., शुक्र.
दवाखान्यातल्या पोरीचा फोन. "आंटी, परसों मशीन दो बार चली?" चहाडखोर मशीन. म्हटलं, यांनीच लावली चुकून. मग विचारलं, चांगल्या डोळ्याला चमक दिसते का गं? "आंटी, आपने तो नहीं लगाया?" म्हटलं, मला काय धाड भरलीय. "हर आँख का अलग होता है।" हे काय उत्तर झालं?
सांगावं तर यांचं तोंड उतरेल. हल्ली सकाळी शीळ घालतात. न सांगावं तर एखाद्या गाडीखाली...

१६ नोव्हें., रवि.
पिशवी घेऊन निघालेच. मी मागून, चपला हातात, आवाज नको म्हणून. रायबरेली रोडला थांबले. मी बाजूला हातभर अंतरावर, श्वास रोखून. समोर बघतच म्हणाले, "अगं, शेणात उभी आहेस."
खाली बघितलं. होते.
दिसलं? की वास आला? "कसं कळलं हो?" तर म्हणे, "चष्म्याला विचार." मग माझा हात धरायला गेले, तर हात हवेतच फिरला. मीच धरला. ट्रक जाऊ दिला, ओलांडलं.
मेथी यांनी निवडली. भाजीवाला भैया म्हणाला, "अंकलजी, एकदम ताज़ा." घरी जुडी सोडली तर निम्मी पिवळी. हे आत शीळ घालत होते.
पिवळी पानं यांना दिसायच्या आत कचऱ्यात टाकली.